भांड्यावरचं नाव

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक चार पानी पत्र होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या भगिनीचं. नऊ वर्षांपूर्वी यजमानांची नोकरी गेली, तेव्हा बाईंनी घरच्याच ओट्यावर पोळीभाजीचे डबे सुरू केले. आज हाताखाली तीन बायका आहेत, रोजचे साठ-सत्तर डबे जातात आणि होळीला पुरणपोळीसाठी दारात रांग लागते. आता त्यांच्या नणंदेचे यजमान म्हणताहेत, "वहिनी, तुमच्या नावानं आणखी तीन गावांत केंद्रं काढू. पैसे माझे, धावपळ माझी. तुम्ही फक्त मसाला आणि कृती द्या." बाईंनी भीत भीत विचारलं, "काही लिहून ठेवायचं का?"

झालं! भाऊजींचा चेहरा उतरला. नणंदेनं दोन दिवस फोन उचलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "घरच्या माणसाकडे कसले कागद मागतेस?" आणि आता बाई मला विचारतात, "ताई, माझं चुकलं का हो?"

याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण नुसत्या उत्तरानं मनातली रुखरुख जात नाही. म्हणून आज एक खरी घडलेली हकिगत सांगते. ती आहे अमेरिकेतल्या दोन भावांची. त्यांच्या आडनावाची पाटी आज शंभराहून अधिक देशांत, ४० हजारांहून जास्त दुकानांवर झळकते. वाढदिवस जवळ आला की तुमची-आमची मुलं ज्या दुकानात न्या म्हणून हट्ट धरतात, तेच ते मॅकडोनाल्ड्स!

आता तुम्ही म्हणाल, कुठे आपली पुरणपोळी आणि कुठे तो बर्गर! पण ऐका तर खरं. ही हकिगतसुद्धा एका स्वयंपाकघरातच सुरू होते.

मॉरिस आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ. घरात त्यांना मॅक आणि डिक म्हणत. घरची परिस्थिती बेताची. नशीब काढायला दोघे कॅलिफोर्नियात आले. सिनेमाच्या स्टुडिओत सामान हलवलं, एक लहानसं थिएटर चालवून पाहिलं, ते काही जमलं नाही. मग १९३७ साली खाण्याचा छोटा ठेला टाकला आणि १९४० साली सॅन बर्नार्डिनो नावाच्या गावात मोठं उपाहारगृह काढलं. गिऱ्हाइकानं मोटारीतच बसायचं, मुलींनी गाडीपाशी जाऊन ऑर्डर घ्यायची आणि ताटं नेऊन द्यायची, अशी तिकडची तेव्हाची पद्धत होती. पंचवीसेक पदार्थ होते, गल्ला चांगला होता. पण ताटं फुटत, काटे-चमचे हरवत, आचारी सोडून जात आणि उनाड पोरं तासन् तास गाड्या लावून बसत.

एक दिवस दोघांनी हिशेबाच्या वह्या काढल्या. पाहतात तो काय, बहुतेक सगळी विक्री एकट्या हॅम्बर्गरची! हॅम्बर्गर म्हणजे गोल पावात घातलेली भाजलेल्या खिम्याची टिक्की. तिकडे ती गोमांसाची असते. मग बाकीच्या पदार्थांसाठी एवढा खटाटोप कशाला? १९४८ साली त्यांनी चालतं दुकान तीन महिने बंद ठेवलं. चालतं दुकान हो! गाडीपाशी जाणाऱ्या मुलींना काढलं, ताटं-चमचे बंद करून कागदी वेष्टनं आणली, पंचवीस पदार्थांचे नऊ केले आणि हॅम्बर्गरचा भाव ३० सेंटवरून १५ वर आणला. स्वयंपाकघरात प्रत्येकाला एकच काम नेमून दिलं. एकानं टिक्क्याच भाजायच्या, दुसऱ्यानं पावच मांडायचे. सॉस घालायला ठराविक मापाची पिचकारी करवून घेतली, म्हणजे कोणाच्याही हातानं घातला तरी तेवढाच पडणार.

पुढे नव्या इमारतीचा बेत ठरला, तेव्हा त्यांनी घरामागच्या टेनिसच्या पटांगणावर खडूनं सगळं स्वयंपाकघर आखलं. शेगडी इथे, तळणी तिथे. मग कामाची माणसं त्या रेघांमधून खोटी खोटी फिरवली आणि कोण कोणाला आडवं येतं ते पाहिलं. दोन पावलं वाचली तर रेघ पुसून नवी ओढली. सगळं मनासारखं जमलं आणि त्याच रात्री धो धो पाऊस येऊन खडू वाहून गेला! दोघांनी पुन्हा पहिल्यापासून आखणी केली.

मला ही गोष्ट फार आवडली. आपणही ओट्यापाशी दिवसाकाठी किती येरझारा घालतो! तिखटाचा डबा एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या टोकाला. ते दोघे काही शिकूनसवरून आलेले इंजिनिअर नव्हते. कामाकडे नीट पाहत होते, इतकंच.

पहिले काही महिने धंदा पडला. जुनी गिऱ्हाइकं भोंगे वाजवत, "मुली कुठे गेल्या?" म्हणून विचारत. पण हळूहळू लेकुरवाळी कुटुंबं येऊ लागली. स्वस्त, स्वच्छ आणि मिनिटाभरात हातात. खिडकीसमोर रांगा लागल्या, लांबलांबचे हॉटेलवाले पाहायला येऊ लागले. भाऊ भोळे. आलेल्याला सगळं दाखवत, समजावून सांगत.

१९५३ साली फीनिक्स शहरातल्या एका गृहस्थानं हजार डॉलर देऊन त्यांची पद्धत विकत घेतली आणि दुकानाला मॅकडोनाल्ड्स हेच नाव द्यायचं ठरवलं. भावांना नवलच वाटलं. आमचं नाव तुम्हाला कशाला? तिथे आम्हाला कोण ओळखतं?

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. आपल्या नावाची किंमत आपल्यालाच ठाऊक नसते ती अशी! आपल्या सांगलीकडच्या बाईंनीही पत्रात लिहिलंय, "माझ्या नावात काय आहे हो, साध्या डब्यांचा तर धंदा." अहो, नावात काही नसतं, तर भाऊजींनी स्वतःच्या नावानंच नसती का काढली केंद्रं?

पुढे १९५४ साली त्या गावात रे क्रॉक नावाचे एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, मिल्कशेक घुसळायची यंत्रं विकणारे. त्यांच्या एका यंत्रात एका वेळी पाच मिल्कशेक होत. बहुतेक दुकानांना एक यंत्र पुरे, आणि या भावांनी घेतलेली आठ-दहा! असं आहे तरी काय, म्हणून ते मुद्दाम पाहायला आले. दुपारची रांग पाहिली आणि तिथेच मनाशी ठरवलं, अशी दुकानं देशभर काढायची.

करार झाला. नवीन दुकानदारानं विक्रीच्या दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ९० सेंट द्यायचे. त्यातले ५० सेंट भावांचे, बाकीचे क्रॉक यांचे. शिवाय इमारतीत किंवा पद्धतीत काही बदल करायचा तर भावांची रजिस्टर पत्रानं लेखी संमती हवी. म्हणजे भाऊ कागदाच्या बाबतीत अगदीच अजाण होते असं नाही. १५ एप्रिल १९५५ ला शिकागोजवळच्या डेस प्लेन्स इथे क्रॉक यांचं पहिलं दुकान उघडलं. पहिल्या दिवशीचा गल्ला ३६६ डॉलर १२ सेंट.

पण तिथे एक फजिती झाली. भावांचे तळलेले बटाटे कसे कुरकुरीत! क्रॉक यांनी तीच कृती, तेच तेल, तीच वेळ लावली, तरी बटाटे पचपचीत. शेवटी शोध लागला की भाऊ बटाटे उघड्यावर, जाळीच्या पेट्यांत ठेवत. तिकडच्या कोरड्या वाऱ्यात ते सुकत, त्यांच्यातल्या साखरेचं पिठूळ सत्त्व होई आणि मग ते छान तळले जात. ही गोष्ट कृतीत नव्हती, कारण ती भावांनाही कधी सांगण्यासारखी वाटली नव्हती! मग क्रॉक यांनी तळघरात पंखे लावून बटाटे वाळवले, तेव्हा कुठे जमलं. पीठ किती वेळ मुरवायचं, पुरण कोणत्या टप्प्याला उतरवायचं, हे आपल्या हाताला कळतं, वहीत नसतं. हाताला कळणाऱ्या या गोष्टीलाच गिऱ्हाईक पैसे मोजतं, हे विसरू नका.

क्रॉक कमालीचे कष्टाळू. स्वच्छतेच्या बाबतीत तर एखाद्या कडक सासूसारखे. स्वतः दुकानाबाहेरचे कागद वेचत. शिवाय त्यांच्या कंपनीनं आणखी एक युक्ती काढली. दुकानाची जागा कंपनीनं घ्यायची आणि दुकानदाराला भाड्यानं द्यायची. बर्गरपेक्षा भाड्याचं उत्पन्न भरवशाचं! दुकानं भराभर वाढली. पण प्रत्येक बदलाला भावांचं पत्र लागायचं, त्यावरून कुरबुरी होऊ लागल्या. शेवटी १९६१ साली क्रॉक यांनी भावांचे सगळे हक्क २७ लाख डॉलरना विकत घेतले. कर वजा जाता दोघा भावांना प्रत्येकी दहा लाख मिळाले. त्या काळी ही रक्कम मोठीच.

आणि इथेच खरा घोटाळा झाला. भावांच्या घरच्या माणसांचं म्हणणं असं, की विक्रीतला तो अर्धा टक्का पुढेही देत राहू, असं तोंडी ठरलं होतं. हातात हात घेऊन! पण कागदावर ते आलंच नाही. जे कागदावर नाही ते सिद्ध कसं करणार? अर्धा टक्का पुढे मिळाला नाही. आपलं मूळचं दुकान भावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, पण नाव तर विकलेलं. म्हणून स्वतःच्याच दुकानावरची स्वतःच्याच आडनावाची पाटी उतरवून त्यांना 'बिग एम' असं नाव द्यावं लागलं. क्रॉक यांनी जवळच नवं मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत भावांचं दुकान बंद पडलं. पुढे कितीतरी वर्षं कंपनी डेस प्लेन्सचं दुकान 'पहिलं' म्हणून मिरवत होती. खरं तर ते नववं!

मॅक १९७१ साली गेले, डिक १९९८ साली. डिक यांनी जाहीरपणे कधी हळहळ केली नाही. आम्ही सुखात जगलो, असंच ते म्हणत. २०१६ साली या हकिगतीवर 'द फाउंडर' नावाचा सिनेमा निघाला. तो पाहताना आमचे हे म्हणाले, "क्रॉकनं कष्ट केले म्हणून तर एवढं वाढलं." खरंच आहे. कष्ट त्यांचेच. पण कष्ट क्रॉक यांचे होते म्हणून कल्पना भावांची नव्हती, असं थोडंच होतं?

आता याच कंपनीतल्या एका बाईंची गोष्ट ऐका. जून मार्टिनो त्यांचं नाव. क्रॉक यांच्या कचेरीत हिशेब लिहायला त्या १९४८ पासून होत्या. दुकानं वाढवण्याच्या दिवसांत क्रॉक यांच्याकडे पगाराला पुरेसे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बाईंना कंपनीतला दहा टक्के हिस्सा दिला. शेअर म्हणून, रीतसर, कागदावर. त्या वेळी त्या कागदाला बाजारात काही किंमत नव्हती. १९६५ साली कंपनीचे शेअर साडेबावीस डॉलरना विक्रीला आले, ते धडाधड चढले आणि मार्टिनोबाई श्रीमंत झाल्या. कंपनीच्या चिटणीस आणि खजिनदारही त्या होत्या. गंमत बघा, ज्या कंपनीच्या दुकानांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गल्ल्यावर आणि भट्टीवर मुली घ्यायला क्रॉक यांची बंदी होती, त्या कंपनीत दहा टक्के एका बाईचे!

कल्पना ज्यांची, नाव ज्यांचं, त्यांच्याकडे कागद नव्हता, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईंकडे होता. माझ्या मते सगळं सार एवढंच आहे.

आपल्याकडे हे दुकान १९९६ साली आलं. आधी दिल्लीत, मग मुंबईत वांद्र्याला. इथे गोमांस नाही, डुकराचं मांस नाही. बटाट्याची टिक्की आली, शाकाहारी स्वयंपाक वेगळा झाला. उत्तरेसाठी एक आणि पश्चिमेसाठी एक असे दोन भारतीय भागीदार घेतले, निम्मे-निम्मे. २०१३ साली दिल्लीच्या भागीदाराची व्यवस्थापकीय संचालकपदावर फेरनिवड झाली नाही, तेव्हा तो करार आणि भागभांडवलाचे कागद घेऊन दाद मागायला गेला. सहा वर्षं भांडण चाललं. २०१९ साली तडजोड होऊन कंपनीनं त्याचा हिस्सा विकत घेतला. कोण बरोबर, कोण चूक हा आपला विषय नाही. पण १९६१ साली भावांना दारंच नव्हतं, याला ठोठावायला निदान दार तरी होतं.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी सातवीच्या मुलांसाठी मराठीची स्वाध्याय-पुस्तिका लिहून मागितली. मी शाळा अर्धवेळच करते, म्हटलं वेळ आहे. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी बसून लिहिली. "मानधनाचं बघू, घरचंच काम आहे," ते म्हणाले. पुस्तिका छापून आली, दुसऱ्याच नावानं. मानधनाचं अजून बघताहेत! मी विचारलं का नाही? ओळखीतले म्हणून. म्हणजे ज्या कारणासाठी विचारायला हवं होतं, त्याच कारणासाठी विचारलं नाही.

तेव्हा बाई, तुमचं मुळीच चुकलं नाही. आता करायचं काय, ते सांगते.

पहिलं, नाव. तुमच्या केंद्राच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी तुमच्या स्वतःच्या नावावर करून घ्या. ती दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. मग भाऊजींना ते नाव वापरायला द्यायचं, देऊन टाकायचं नाही.

दुसरं, मसाला तयार करून द्या, कृती देऊ नका. तुमच्या हाताखालून जो मसाला जाईल, त्याच्यावर तुमचा ताबा राहील.

तिसरं, हिस्सा विक्रीवर ठरवा, नफ्यावर नको. विक्री गल्ल्यात दिसते. नफा मात्र खर्च दाखवून कमी करता येतो. मॅकडोनाल्ड बंधूंनी एवढं एक बरोबर केलं होतं.

चौथं, भागीदार व्हायचं की नुसतं नाव वापरू द्यायचं, हे जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवा. आपल्याकडच्या १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदार झालात की धंद्याच्या कर्जालाही तुम्ही बांधील होता. घर गहाण पडायची वेळ यायला नको.

पाचवं, मोडताना काय? मुदत किती, चव बिघडली तर नाव काढून घेता येईल का, हिशेब महिन्याच्या महिन्याला दाखवणार कोण, हे गोडीत असतानाच लिहून ठेवा. भांडण झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

आणि भाऊजींना सांगायचं कसं? रागानं नको. म्हणा, "भाऊजी, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर नाव देतेय. पण उद्या तुमची मुलं आणि माझी मुलं हा धंदा करतील. तेव्हा काय ठरलं होतं ते त्यांनी कोणाला विचारायचं?" कागद हा अविश्वास नसतो हो. तो आपल्या माघारी बोलणारा साक्षीदार असतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढं लांबण कशाला लावतेस? त्या बाईला विचार, नणंदेच्या लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं घातली होती की नाही? तेव्हा कोणाचा अपमान झाला का? नाव असतं म्हणून तर कार्यात गेलेलं पातेलं घरी परत येतं."

मी निरुत्तर! मग उठून फडताळ उघडलं. चाळीस-पन्नास भांडी. निम्म्यांवर सासऱ्यांचं नाव, उरलेल्यांवर ह्यांचं. माझं नाव फक्त एका डब्यावर, तेही आईनं घालून दिलेलं. आता पुढच्या खेपेला भांडं घेईन, तेव्हा दुकानदारानं "कोणाचं नाव घालू?" म्हणून ह्यांच्याकडे पाहायच्या आतच मी सांगून टाकणार आहे.

तुमच्या फडताळात किती भांड्यांवर तुमचं नाव आहे? पाहून मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच.